उंदरांची पंगत

झाशीतल्या मराठी मंडळींना भानुमतीबाई शेडगे ठाऊक होत्या त्या त्यांच्या वाढपासाठी. गणपतीचे दिवस असोत, कुणाची मुंज असो की बारसं, पंगत बसली की पदर खोचून भानुमतीबाई पुढे. एकदा जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीतले एक मोठे मराठी साहेब गणपतीच्या जेवणाला आले होते. कारभारी मंडळींनी बाईंना डोळ्यांनी खुणावलं, साहेबांच्या भातावर जरा सढळ हाताने तूप पडू द्या. बाईंनी वाढलं. मग साहेबांच्या शेजारच्याला तेवढंच वाढलं, त्याच्या शेजारच्याला तेवढंच, आणि अशी अख्खी पंगत तुपाने न्हाऊ घातली. दुसऱ्या पंगतीला तूप उरलं नाही. कारभाऱ्यांना सायकल हाणत सीपरी बाजार गाठावा लागला. परत येऊन ते तणतणले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "एका पंगतीत दोन हातांनी वाढायला मला जमत नाही. तुम्ही वाढा मग."

पंक्तिभेद हे पाप, एवढं एकच शास्त्र त्या कऱ्हाडच्या माहेराहून शिकून आल्या होत्या. बाकी शास्त्रं त्यांनी झाशीच्या उन्हात वाळत घातली. उपासाला त्या चहाबरोबर बिस्कीट खात. सोवळं-ओवळं त्यांना कधी परवडलं नाही. पण जेवायला बसलेल्या कुणाच्या पानात कमी आणि कुणाच्या पानात जास्त, हे त्यांच्या हातून होत नसे. माणसाला एखादंच तत्त्व असावं, म्हणजे ते पाळता तरी येतं.

नवरा हणमंतराव रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर. उंच, हाडापेराने मजबूत, आणि जिभेने पार झाशीकर झालेला गडी. घरात मराठी बोलायचा पण होकार मात्र बुंदेली, "हओ". सकाळी दह्यात बुडवलेली गरम जलेबी मिळाली नाही तर दिवस उगवला असं त्याला वाटत नसे. पोटी मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख दोघांनी आपसांत कधी फार बोलून दाखवलं नाही. तो तिला "भानू" म्हणायचा, ती त्याला "अहो". एवढ्यावर संसार उत्तम चालला होता.

हणमंतराव निवृत्त झाले तेव्हा भानुमतीबाईंना घरी बसून कंटाळा येऊ लागला. लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात कुणा देणगीदाराच्या पैशांवर चालणारं छोटं संशोधन केंद्र होतं. तिथे प्राणी पाळले जात आणि त्यांना खाऊ घालायला माणूस हवं होतं. बाई गेल्या आणि लागल्या. घरी येऊन म्हणाल्या, "अहो, आता उंदरांची सरबराई."

"बरंय," हणमंतराव म्हणाले, "निदान ते मीठ कमी आहे म्हणून पान सरकवायचे नाहीत."

केंद्रात पुण्याहून आलेली डॉक्टर अहिल्या होती. तिशीच्या आतली, चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा खोलीभर शोधणारी, सकाळचा चहा दुपारी पिणारी. झाशीत तिचं कुणी नव्हतं. हिंदी बोलायची ते पुस्तकातून उचलल्यासारखं, आणि रिक्षावाले तिला हमखास फसवायचे. भानुमतीबाईंनी दुसऱ्या दिवशीच तिचा चेहरा पाहून स्वतःच्या डब्यातली भाकरी तिच्यापुढे ठेवली. तिसऱ्या दिवसापासून डबाच दोन माणसांचा येऊ लागला. अहिल्या त्यांना काकू म्हणायची. बाई तिला अरे-तुरे करायच्या, आणि ते दोघींनाही आवडायचं.

अहिल्याचं काम असं होतं. कर्करोग झाला की माणूस नुसता त्या गाठीने मरत नाही, तो झिजत जातो. दंडाचं, मांड्यांचं मांस विरघळल्यासारखं उतरतं, आणि कितीही खाऊ घाला, ते अंगी लागत नाही. ही झीज थांबवायला काही पूरक आहार देता येईल का, ते ती पांढऱ्या उंदरांवर पाहत होती. उंदरांच्या कुशीत गाठ रुजवलेली असे. डाव्या भिंतीच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांना कणकेच्या गोळ्यांतून एक पांढरी भुकटी द्यायची, उजव्या भिंतीच्यांना नुसती कणीक. मग दोन्हीकडची वजनं ताडून पाहायची. भुकटी प्रथिनांचे बारीक अंश काढून केलेली होती आणि कडूजहर होती.

कणीक मळायचं काम भानुमतीबाईंचं. अहिल्याने त्यांना नीट समजावलं होतं. "काकू, डावीकडचं उजवीकडे जाता कामा नये. सगळ्या कामाचा जीव त्यात आहे." बाईंनी मान डोलावली. त्यांना वाटलं, डॉक्टर लोकांच्या वाढपाची पद्धत वेगळी असेल.

त्याच सुमारास हणमंतरावांना जेवण नकोसं झालं. आधी वाटलं पित्त. मग वाटलं, निवृत्तीचा कंटाळा. तपासण्या झाल्या आणि जठराचा कर्करोग निघाला, तोही हाताबाहेर गेलेला. रेल्वेच्या डॉक्टरांनी भानुमतीबाईंना बाजूला घेऊन समजावलं, "माताजी, घर पे सेवा कीजिए." बाईंनी त्या वाक्यातली फक्त सेवा ऐकली.

हणमंतराव झिजायला लागले. सदऱ्याच्या बाहीत दंड हलू लागला. बाई दिवसा उंदरांची झीज बघत आणि घरी जाऊन नवऱ्याची. एक दिवस त्या अहिल्यासमोर उभ्या राहिल्या. "तुझी ती भुकटी यांना दिली तर?"

अहिल्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाली, "काकू, तिचा उपयोग आहे की नाही, मला अजून माहीत नाही. अपाय नाही, एवढं सांगू शकते."

"मग दे."

अहिल्याने काचेची बरणी भरून दिली, आणि पथ्यही दिलं. भुकटी घ्यायच्या आधी आणि नंतर पोट रिकामं हवं. गोड नाही, तळलेलं नाही, गूळ नाही, नाहीतर ती पोटात नीट शोषली जात नाही असं म्हणतात. बाईंनी पथ्य पाठ करून टाकलं. घरातली गुळाची ढेप त्याच संध्याकाळी शेजारणीकडे गेली.

हणमंतरावांनी पहिला चमचा घेतला आणि तोंड असं केलं की भानुमतीबाईंना हसू आलं. "विश्वास पानिपतात मेला म्हणतात ते खोटं नाही," ते म्हणाले. "अगं, हे उंदीर खातात?"

"कणकेतून खातात. आवडीने."

"मग जाडे झाले की सांग मला. तोवर घेतो."

"हो म्हणा नीट."

"हओ," ते म्हणाले.

आता इकडे केंद्रात काय झालं ते ऐका. कणीक मळताना भानुमतीबाईंच्या डोळ्यांसमोर रोज दोन भिंती. डावीकडे वाढून झालं की उजवीकडचे उंदीर जाळीला नाकं लावून उभे राहायचे. तेही आजारीच. त्यांच्याही कुशीत तीच गाठ, त्यांचेही पाठीचे मणके वर आलेले. भुकटी कडू असली तरी औषध होती, आणि औषध एका भिंतीला मिळतंय आणि दुसरी भिंत नुसती बघतेय. बाईंना ते सहन होईना. त्यांनी अहिल्याला विचारलंही, "यांना कधी?"

अहिल्या सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसली होती. "यांना नाही, काकू," ती एवढंच म्हणाली.

यांना नाही! घरात स्वतःचा माणूस झिजत असलेल्या बाईला हे शब्द कसे लागले असतील? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दुसऱ्या दिवसापासून भानुमतीबाईंनी दोन्ही कणका एकत्र मळल्या आणि दोन्ही भिंतींना सारखे गोळे वाढले. त्यात त्यांना चोरी वाटली नाही. उलट घरी जाताना त्यांना खूप हलकं वाटलं, आणि हणमंतरावांना चमचा भरवताना त्या ओवी गुणगुणत होत्या.

प्रयोग संपला. वजनं झाली. दोन्ही भिंती सारख्याच. अहिल्या दुपारी डबा न उघडता खिडकीशी बसून राहिली. बाईंनी तिच्यापुढे पिठलं सरकवलं, भाकरी मोडून ठेवली, तरी ती हलेना.

"काय झालं ग?"

"काही फरकच नाही, काकू. भुकटी दिलेले आणि न दिलेले, सगळे एकसारखे. वर्ष पाण्यात गेलं."

तिचं तोंड उतरलेलं बघून भानुमतीबाईंचा जीव कासावीस झाला. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "अगं वेडे, फरक कसा असेल? सगळ्यांनी सारखंच खाल्लंय. मी काय पंक्तिभेद करीन होय?"

अहिल्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना पुढे कितीदा तरी वाटलं. तिने डबा हळूच झाकला आणि विचारलं, "पहिल्यापासून?"

"मधेपासून. तू यांना नाही म्हणालीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

तेव्हा कुठे भानुमतीबाईंना तिच्या चेहऱ्यावरून कळायला लागलं की आपण काहीतरी भयंकर केलं. आणि लगेच दुसरी गोष्ट कळली, जी त्याहून भयंकर होती. भुकटीने झीज थांबते की नाही हे सांगणारं जगात एकच ठिकाण होतं, आणि त्या ठिकाणी त्यांनी स्वतःच्या हाताने कालवाकालव करून ठेवली होती. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती.

"मग आता कळायचं कसं?" त्यांनी विचारलं. "घरी ते घेताहेत ना."

"पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल," अहिल्या म्हणाली. मग थोडी नरमली. "काकू, तुम्ही तोवर चालू ठेवा. मला कळलं की सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

पुढच्या आठवड्यात भानुमतीबाईंची बदली बाटल्या धुण्याच्या खोलीत झाली. उंदरांकडे कमळाबाई आल्या. त्या बबीन्याच्या एका सुभेदाराच्या विधवा, शिस्तीच्या, सांगितलं तेवढंच करणाऱ्या. बाईंनी बदलीबद्दल चकार शब्द काढला नाही. चूक आपली, शिक्षा आपली. अहिल्या काही दिवस "जेवून आलेय" म्हणायची. मग पुन्हा डबा खाऊ लागली, आणि बाईंना वाटलं, पोरीने पोटात घातलं. त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन देवापुढे दोन वाती लावल्या.

घरी हणमंतराव रोज विचारायचे, "काय म्हणतात उंदीर?"

"चालू आहे," बाई सांगायच्या, कारण अहिल्या तेच सांगायची.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. हणमंतरावांची मान आता सदऱ्याच्या गळ्यात सैल फिरायची. भूक अशी नव्हतीच, पण कधी कधी कशाची तरी आठवण व्हायची आणि डोळ्यांत लहान मुलासारखी चमक यायची. दिवाळीत शेजारचे चौबेजी ताटभर गोड घेऊन आले. "शेडगेजी, एक टुकड़ा तो लो." हणमंतरावांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी ताट हसून परत केलं. "पथ्य आहे, भैयाजी. इलाज चालू है."

दिवाळीची सुट्टी संपून केंद्र उघडलं त्या दिवशी बाईंनी अहिल्याला गाठलं. "काही कळलं का ग?"

अहिल्या कपाटात काहीतरी शोधत होती. तिने वळून पाहिलं नाही. "चालू ठेवा, काकू," ती म्हणाली.

चालू ठेवलं. दुसरं काय करणार? पौषाची थंडी झाशीत हाडं फोडते. एका सकाळी चौबेजींची सून गरम जलेबी आणि दही घेऊन दारात उभी राहिली. वास घरभर पसरला. हणमंतराव गोधडीतून कोपरावर उठले. कितीतरी दिवसांत ते आपणहून उठले नव्हते.

"भानू," ते म्हणाले, "एक कडं दे. एकच. गिळत नाही, नुसतं तोंडात धरतो."

भानुमतीबाईंचा हात पुढे गेला होता. हे त्यांना पुढे जन्मभर आठवणार होतं, की हात पुढे गेला होता आणि त्यांनीच तो मागे घेतला. "आत्ताच भुकटी घेतलीय, अहो. एवढे दिवस पाळलंत, आता नासवू नका. होळीला बरे झालात की मी स्वतः तुम्हाला दुकानात बसवून खायला घालते."

त्यांनी हट्ट केला नाही. "हओ," म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. सुनेने ताट उचललं. वास मात्र बराच वेळ गेला नाही, आणि ते तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

माघ लागता लागता ते गेले. शेवटचं जे त्यांच्या तोंडात गेलं ती ती भुकटीच होती. बाईंनीच भरवली होती. त्यातली अर्धी ओठांच्या कडेला राहिली, ती त्यांनी पदराने पुसली.

दिवसकार्य उरकलं. लोक म्हणाले, बाईने सेवा केली हो, असं पथ्य कुणी पाळत नाही. भानुमतीबाईंना ते ऐकून बरं वाटायचं. जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, यावर त्या उभ्या होत्या. कामावर परत जायच्या दिवशी उरलेल्या भुकटीची बरणी पिशवीत घालून त्या केंद्रात गेल्या. कुणा दुसऱ्या जिवाला उपयोगी पडेल, टाकून का द्यायची?

कमळाबाई व्हरांड्यात पिंजरे उन्हात वाळवत होत्या. बाईंना पाहून त्यांनी हात पुसले, दोन शब्द सांत्वनाचे बोलल्या. मग पिशवीतून निघालेली बरणी पाहून म्हणाल्या, "हे काय? ही अजून होती तुमच्याकडे?"

"चालूच होती ना शेवटपर्यंत. म्हटलं, उरलेली परत द्यावी. इथल्यांना लागेल."

"इथे कुणाला लागणार? ती तर दिवाळीआधीच बंद झाली." कमळाबाई सहज बोलत होत्या, सुभेदारी सरळपणाने. "दुसऱ्या वेळी सगळं चोख केलं आम्ही. काडीचा उपयोग नाही निघाला. भुकटी खाणारे तसेच झिजले, वर कडू म्हणून जेवायचे पण कमी. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं की. झाडूवालीला पण ठाऊक आहे. तुम्ही त्या दिवशी त्यांच्या तपासणीला गेला होतात, म्हटलं, तुम्हाला वेगळं सांगितलं असेल." मग समोरचा चेहरा बघून त्या थांबल्या. "तुम्हाला नाही सांगितलं?"

भानुमतीबाई मनाशी मोजू लागल्या. दिवाळीआधी. म्हणजे चौबेजींचं ताट परत गेलं त्याच्या आधी. म्हणजे त्या सकाळच्या आधी तर कितीतरी. त्यांना आधी काहीच वाटलं नाही, आणि मग असा संताप आला की कानशिलं तापली. परक्याने फसवलं तर माणूस त्याला चार शिव्या देतो आणि मोकळा होतो. जिला डब्यातली भाकरी मोडून दिली, तिने फसवलं तर शिवी द्यायलाही तोंड उघडत नाही.

अहिल्या आपल्या खोलीत होती. बाईंना दारात पाहताच ती उठली, पुढे आली, त्यांचे हात धरायला गेली. बाईंनी बरणी त्या हातांत दिली.

अहिल्याने बरणी पाहिली आणि तिला सगळं समजलं. "कमळाबाईंनी सांगितलं?"

"तुम्ही सांगणार होतात, डॉक्टरबाई. सगळ्यात आधी."

ते "डॉक्टरबाई" ऐकून अहिल्याचे डोळे भरले. ती खुर्चीत बसली. "काकू, मी दोनदा तुमच्या घरापर्यंत आले होते. एकदा तर फाटकापाशी. तुम्ही आत त्यांना भरवत होतात, काहीतरी गुणगुणत होतात. मी काय सांगणार होते? दुसरं काही औषध माझ्याकडे नव्हतं. ते वाचणार नव्हते, भुकटी घेऊन नाही आणि सोडूनही नाही. मला वाटलं, तेवढी आशा तरी असू दे तुम्हाला. रागाने नाही हो केलं. उंदरांच्या त्या गोष्टीचा राग कधीच गेला होता. मला तुमचं मन मोडवलं नाही."

तिचं खोटं नव्हतं. भानुमतीबाईंना ते दिसत होतं, आणि त्यामुळे त्यांचा राग कमी होत नव्हता, वाढत होता. मायेपोटी आपण परस्पर ठरवून टाकतो की दुसऱ्याला काय सोसेल, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांनी ज्यांच्याबाबत ठरवलं ते उंदीर होते, आणि निदान त्यांना त्यांनी काही नाकारलं नव्हतं.

"तो माणूस एका जलेबीसाठी कोपरावर उठला होता," त्या म्हणाल्या. "नुसती तोंडात धरतो म्हणाला. मी दिली नाही. तुमच्या पथ्यापायी दिली नाही. दिवाळीपासून मी त्याला काय काय करून घातलं असतं. गुळाची पोळी, शेंगदाण्याचे लाडू, जे मागेल ते. गेला असता, मला कळतंय, गेलाच असता. पण खाऊन गेला असता."

"काकू, बसा तरी."

त्या बसल्या नाहीत. पिशवीची घडी घालून त्यांनी ती काखेत धरली. दाराशी पोचल्यावर वळल्या. आवाज चढला नव्हता, पंगतीत कुणाला काय हवं नको विचारायचा तसाच होता.

"मन तुम्ही माझं राखलंत," त्या म्हणाल्या. "तोंड त्यांचं कडू ठेवलंत."